आर. आर. पाटील यांची मंत्रिपदाची कारकीर्द : लोकसहभागाच्या कार्यपद्धतीचे सामर्थ्य आणि मर्यादा

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या राजकारणात ग्रामपंचायत, पंचायत समिती व जिल्हा परिषद ही नेतृत्वाची पाठशाळा मानली जाते. १ मे १९६२ पासून राज्यात त्रिस्तरीय पंचायत राज्यव्यवस्था अस्तित्वात आली आणि पुढील तीन-चार दशकांत या व्यवस्थेतून अनेक आमदार, खासदार व मंत्री पुढे आले. यांपैकी बहुतेकांच्या नेतृत्वाला सहकारी साखर कारखाना, जिल्हा मध्यवर्ती बँक, दूध संघ किंवा शिक्षणसंस्था यांपैकी एखाद्या संस्थेचा आर्थिक व संघटनात्मक आधार होता. असा कोणताही स्वतःचा संस्थात्मक पाया नसताना जिल्हा परिषद सदस्यापासून उपमुख्यमंत्रिपदापर्यंत पोहोचलेले नेते म्हणून आर. आर. पाटील यांचे नाव घेतले जाते.

पाटील यांच्यावरील लेखनात त्यांचा साधेपणा, वक्तृत्व आणि गरिबीतून झालेली वाटचाल यांचे वर्णन विपुल आढळते. मंत्री म्हणून त्यांनी कोणती कार्यपद्धती वापरली, ती कोठे यशस्वी झाली व कोठे अपुरी पडली, याची चर्चा मात्र त्या मानाने कमी झाली आहे. ग्रामविकास आणि गृह या दोन भिन्न स्वरूपाच्या खात्यांतील त्यांच्या प्रमुख निर्णयांच्या आधारे या कार्यपद्धतीचे विवेचन करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

जडणघडण व राजकीय वाटचाल

रावसाहेब रामराव पाटील यांचा जन्म १६ ऑगस्ट १९५७ रोजी सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यातील अंजनी या गावी झाला. तासगावचा परिसर आज द्राक्षे व बेदाण्यासाठी प्रसिद्ध असला, तरी जिल्ह्याचा हा पूर्व भाग मूलतः अवर्षणप्रवण आहे. कृष्णाकाठच्या वाळवा-मिरज पट्ट्यातील सुबत्ता आणि पूर्वेकडील तालुक्यांतील पाणीटंचाई हा सांगली जिल्ह्याच्या राजकारणातील जुना ताण आहे. पाटील यांचे नेतृत्व या दुष्काळी भागातून पुढे आले. घरची परिस्थिती बेताची असल्याने ‘कमवा व शिका’ योजनेच्या आधारे त्यांनी शिक्षण घेतले आणि कला शाखेची व कायद्याची पदवी संपादन केली.

१९७९ मध्ये सावळज गटातून ते सांगली जिल्हा परिषदेवर निवडून आले व १९९० पर्यंत सदस्य राहिले. ही अकरा वर्षे त्यांच्या पुढील कारकिर्दीच्या दृष्टीने महत्त्वाची ठरली. ग्रामसेवक, विस्तार अधिकारी, गटविकास अधिकारी ही यंत्रणा प्रत्यक्ष कशी चालते, शासनाचा निर्णय गावापर्यंत पोहोचताना कोठे अडतो आणि गावकरी कशाने हलतात, याचे ज्ञान त्यांना या काळात मिळाले. १९९० मध्ये काँग्रेस पक्षाच्या उमेदवारीवर ते तासगाव मतदारसंघातून विधानसभेवर गेले. त्यानंतर १९९५, १९९९, २००४, २००९ व २०१४ अशा सलग पाच निवडणुका त्यांनी जिंकल्या. मतदारसंघाच्या पुनर्रचनेनंतर २००९ पासून हा मतदारसंघ तासगाव-कवठेमहांकाळ या नावाने ओळखला जाऊ लागला.

१९९५ ते १९९९ या काळात राज्यात शिवसेना-भारतीय जनता पक्षाचे सरकार होते. विरोधी बाकांवरून प्रश्न मांडणारा अभ्यासू वक्ता अशी पाटील यांची ओळख या काळात निर्माण झाली. १९९९ मध्ये शरद पवार यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्रवादी काँग्रेस पक्षाची स्थापना झाल्यावर ते त्या पक्षात गेले आणि त्याच वर्षी विलासराव देशमुख यांच्या मंत्रिमंडळात ग्रामविकास मंत्री झाले.

ग्रामस्वच्छता अभियान : अनुदानाकडून स्पर्धेकडे

ग्रामीण स्वच्छतेचा प्रश्न २००० पूर्वीही शासनाच्या कार्यक्रमपत्रिकेवर होता. त्यासाठीचा प्रमुख मार्ग वैयक्तिक शौचालयांना अनुदान देण्याचा होता. या मार्गाने शौचालयांची संख्या वाढली, परंतु वापर त्या प्रमाणात वाढला नाही. अनेक ठिकाणी बांधलेल्या शौचालयात सरपण, गोवऱ्या किंवा कडबा ठेवला जाई. शौचालय ही शासनाने दिलेली वस्तू आहे, आपली गरज नव्हे, अशी लाभार्थ्याची भावना हे त्यामागील एक कारण होते.

या पार्श्वभूमीवर २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. हातात खराटा घेऊन गावोगाव स्वच्छतेचा संदेश देणाऱ्या गाडगेबाबांचे (१८७६-१९५६) नाव देण्यामागे अभियानाला नैतिक अधिष्ठान मिळवून देण्याची दृष्टी होती. त्याची रचना मात्र व्यावहारिक होती. गावांना आगाऊ निधी दिला जात नसे. ग्रामसभेत सहभागाचा निर्णय होई, गावकरी श्रमदानाने व लोकवर्गणीने काम करीत आणि त्यानंतर तपासणी समिती गावाला भेट देऊन गुणांकन करीत असे. पिण्याच्या पाण्याची व्यवस्था, शौचालयांचा वापर, सांडपाणी व केरकचऱ्याची विल्हेवाट, घर व गाव परिसराची स्वच्छता, वैयक्तिक स्वच्छता आणि लोकसहभाग असे गुणांकनाचे निकष होते. तालुका, जिल्हा, विभाग व राज्य अशा चढत्या पातळ्यांवर बक्षिसे दिली जात.

या रचनेत तीन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली, लाभार्थी म्हणून कुटुंबाऐवजी संपूर्ण गाव हे एकक मानले गेले. एका घराने उघड्यावर शौचास जाणे सुरू ठेवले, तर साऱ्या गावाचे गुण कमी होत. त्यामुळे शासकीय तगाद्याची जागा शेजाऱ्यांच्या आग्रहाने घेतली. दुसरी, बक्षिसाची रक्कम गावाने केलेल्या श्रमाच्या मूल्यापेक्षा बहुधा कमीच असे. खरी प्रेरणा प्रतिष्ठेची होती. शेजारच्या गावाला बक्षीस मिळाले आणि आपल्याला नाही, ही भावना पुढील वर्षीच्या कामाला चालना देई. तिसरी, शासनाची भूमिका दात्याऐवजी परीक्षकाची झाली. मंत्री, जिल्हाधिकारी व मुख्य कार्यकारी अधिकारी स्वतः हातात झाडू घेऊन गावात उतरू लागल्याने प्रशासन आणि गाव यांच्यातील अंतर काही काळ तरी कमी झाले.

केंद्र शासनाने २००३ मध्ये जाहीर केलेल्या निर्मल ग्राम पुरस्कार योजनेतही गाव हे एकक आणि कामानंतर बक्षीस ही तत्त्वे आढळतात. या योजनेवर महाराष्ट्रातील अनुभवाचा प्रभाव होता, असे मानले जाते. पुढील वर्षांत सर्वाधिक निर्मल ग्राम असलेल्या राज्यांत महाराष्ट्र अग्रभागी राहिला.

अभियानाच्या मर्यादाही लवकरच दिसू लागल्या. तपासणीचा काळ संपल्यावर अनेक गावांत उत्साह ओसरला. गुणांसाठी केलेली रंगरंगोटी आणि टिकाऊ सवयीतील बदल यांत अंतर होते. गावाच्या दबावाचा भार भूमिहीन, मजूर व वस्तीबाहेर राहणाऱ्या कुटुंबांवर अधिक पडे. कारण शौचालयासाठी जागा, पाणी व पैसा यांची टंचाई त्यांनाच सर्वाधिक होती. २ ऑक्टोबर २०१४ रोजी सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानात पात्र ग्रामीण कुटुंबांना वैयक्तिक शौचालयासाठी १२,००० रुपयांचे प्रोत्साहनपर अनुदान ठेवण्यात आले. प्रतिष्ठेची स्पर्धा गरीब कुटुंबांच्या आर्थिक साह्याची जागा घेऊ शकत नाही, हे त्यावरून लक्षात येते. असे असले, तरी स्वच्छतेचा विषय ग्रामसभेच्या चर्चेत आणण्याचे श्रेय गाडगेबाबा अभियानाला द्यावे लागते.

गृहखाते व तंटामुक्त गाव मोहीम

डिसेंबर २००३ मध्ये मुद्रांक घोटाळ्याच्या पार्श्वभूमीवर राज्यात तीव्र राजकीय वाद सुरू असताना छगन भुजबळ यांनी उपमुख्यमंत्रिपदाचा व गृहमंत्रिपदाचा राजीनामा दिला. गृहखात्याची जबाबदारी पाटील यांच्याकडे आली. २००४ च्या निवडणुकीनंतर ते उपमुख्यमंत्रीही झाले. ग्रामविकास खात्याचे काम प्रामुख्याने प्रोत्साहनाचे, तर गृहखात्याचे काम कायद्याच्या अंमलबजावणीचे असते. एका खात्यात यशस्वी झालेली कार्यपद्धती दुसऱ्यात चालेल काय, हा प्रश्न येथून पुढे उपस्थित होतो.

१५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झालेली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम ही ग्रामस्वच्छता अभियानाचीच पद्धत गृहखात्यात आणण्याचा प्रयत्न होती. ग्रामसभेने तंटामुक्त गाव समिती निवडावी, गावातील दिवाणी, महसुली व तडजोडपात्र फौजदारी तंटे सामोपचाराने मिटवावेत, नवे तंटे उद्भवू नयेत म्हणून प्रतिबंधक उपाय करावेत आणि वर्षअखेरीस गुणांकनाद्वारे पात्र ठरलेल्या गावाला लोकसंख्येनुसार लाख रुपयांपासून पुढे वाढत जाणारे बक्षीस मिळावे, असे तिचे स्वरूप होते. पोलीस ठाण्याचा बीट अंमलदार समितीच्या कामाशी जोडलेला असे.

मोहिमेमागील निदान अचूक होते. बांधावरून, वाटेवरून, पाण्याच्या पाळीवरून किंवा भाऊबंदकीतून निर्माण होणारे वाद वर्षानुवर्षे न्यायालयात रेंगाळतात. वादाच्या मूळ विषयापेक्षा वकील, तारखा व हेलपाटे यांवर अधिक खर्च होतो आणि शेतकरी कुटुंबे कर्जबाजारी होतात. असे वाद गावाच्या पारावर मिटले, तर वेळ, पैसा व नातेसंबंध वाचतात. अनेक गावांत वर्षानुवर्षांचे बांधाचे वाद या समित्यांनी मिटवले. घरच्यांचा विरोध असलेल्या सज्ञान तरुण-तरुणींचे विवाह समितीच्या पुढाकाराने लागल्याची उदाहरणेही घडली.

तरीही स्वच्छता आणि न्याय यांत मूलभूत फरक आहे. गाव स्वच्छ झाल्याने सर्वांचाच लाभ होतो. तंट्यात मात्र दोन पक्ष असतात आणि त्यांचे गावातील बळ क्वचितच समान असते. समितीवर गावातील प्रभावी कुटुंबे व जातसमूह यांचे वर्चस्व असेल, तर तडजोड म्हणजे दुर्बळ पक्षाने माघार घेणे, असा अर्थ होण्याची शक्यता असते. गुन्ह्यांची नोंद कमी असणे हे गावाच्या प्रतिष्ठेचे लक्षण ठरले, की तक्रार न नोंदवण्याकडे कल निर्माण होतो. स्त्रियांवरील कौटुंबिक हिंसाचार आणि दलित-आदिवासींवरील अत्याचार यांबाबत हा धोका विशेष गंभीर आहे.

हा धोका काल्पनिक नव्हता. मोहीम सुरू होण्याच्या अवघ्या एक वर्ष आधी, २९ सप्टेंबर २००६ रोजी, भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली होती. त्या प्रकरणातील प्रारंभिक पोलीस तपासावर कठोर टीका झाली आणि तपास पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. घटनेनंतर उसळलेल्या आंदोलनांमागे नक्षलवाद्यांचा हात असल्याच्या पाटील यांच्या विधानावरही दलित संघटनांनी तीव्र आक्षेप घेतला. गावाचे एकमत हे नेहमीच न्यायाचे लक्षण नसते, हे या घटनेने दाखवून दिले होते. मोहिमेच्या रचनेत या अनुभवाचे पुरेसे प्रतिबिंब पडले नाही.

येथे केंद्र शासनाच्या ग्राम न्यायालय अधिनियम, २००८ शी तुलना उद्बोधक ठरते. २ ऑक्टोबर २००९ पासून अमलात आलेल्या या कायद्यात न्याय ग्रामीण भागाच्या जवळ नेण्याचाच हेतू होता. परंतु तेथे निर्णयाचा अधिकार कायद्याचे शिक्षण असलेल्या न्यायाधिकाऱ्याकडे आहे आणि त्याच्या निर्णयावर अपिलाची तरतूद आहे. तंटामुक्त समितीला असा वैधानिक अधिकार नव्हता आणि त्यामुळे तशी उत्तरदायित्वाची चौकटही नव्हती. तिचे यश सर्वस्वी गावातील सद्‌भावनेवर अवलंबून होते.

डान्स बार बंदी : नैतिक आवाहन आणि मूलभूत अधिकार

पाटील यांना राष्ट्रीय पातळीवर ओळख मिळवून देणारा निर्णय म्हणजे २००५ मधील डान्स बार बंदी. तरुण पिढी उद्ध्वस्त होत आहे, ग्रामीण भागातील पैसा बारमध्ये उधळला जात आहे आणि स्त्रियांचे शोषण होत आहे, ही त्यामागील भूमिका होती. मुंबई पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून ३३-अ व ३३-ब ही कलमे घालण्यात आली. पहिल्या कलमाने उपाहारगृहे, परमिट रूम व बिअर बार यांतील नृत्यावर बंदी आली. दुसऱ्याने नाट्यगृहे, सभासदांपुरते मर्यादित क्लब व जिमखाने, तसेच तीन किंवा त्याहून अधिक तारांकित हॉटेले यांना त्यातून सूट मिळाली. विधिमंडळात या विधेयकाला सर्व पक्षांचा पाठिंबा मिळाला.

बंदीला आव्हान मिळाले ते मुख्यतः या भेदावरून. जे नृत्य साध्या बारमध्ये अनैतिक ठरते, ते तारांकित हॉटेलात वैध कसे, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर शासनाला देता आले नाही. १२ एप्रिल २००६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने समानतेचा अधिकार (अनुच्छेद १४) आणि व्यवसायाचे स्वातंत्र्य (अनुच्छेद १९ (१) (छ)) यांचा भंग होतो, या कारणावरून ही बंदी रद्द ठरवली. शासनाचे अपील सर्वोच्च न्यायालयाने १६ जुलै २०१३ रोजी फेटाळले. रोजगार गमावलेल्या स्त्रियांची संख्या सुमारे ७५ हजार असल्याचे त्यांच्या बाजूने सांगितले जात होते. त्यांच्या पुनर्वसनाची परिणामकारक व्यवस्था झाली नाही आणि त्यांपैकी अनेकींना अधिक असुरक्षित मार्गाकडे वळावे लागले, ही बाबही न्यायालयासमोर आली.

जून २०१४ मध्ये पाटील गृहमंत्री असतानाच सवलतीची तरतूद वगळून सरसकट बंदीची नवी दुरुस्ती मंजूर झाली. तिला ऑक्टोबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. त्यानंतर आलेल्या सरकारने २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा केला. त्यातील अनेक जाचक अटी १७ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केल्या. सरकारे बदलूनही विधिमंडळाची भूमिका बदलली नाही, यावरून या निर्णयामागील लोकभावना किती व्यापक होती, हे समजते. परंतु लोकभावना व्यापक असणे आणि कायदा संविधानाच्या कसोटीला उतरणे, या दोन स्वतंत्र बाबी आहेत. ग्रामस्वच्छतेत ज्या नैतिक आवाहनाने गावे उभी केली, तेच आवाहन उपजीविकेच्या अधिकारासमोर अपुरे पडले.

२६ नोव्हेंबर २००८ आणि नंतरचा काळ

मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यानंतर पाटील यांनी मोठ्या शहरांत अशा छोट्या घटना घडतात, या आशयाचे विधान हिंदीतून केले. त्यावर देशभर संताप व्यक्त झाला आणि १ डिसेंबर २००८ रोजी त्यांनी राजीनामा दिला. ग्रामीण सभांमध्ये प्रभावी ठरणारे त्यांचे उत्स्फूर्त वक्तृत्व राष्ट्रीय संकटाच्या प्रसंगी त्यांच्याच विरोधात गेले. मात्र चर्चा एका वाक्यापुरती मर्यादित राहिल्याने पोलीस दलाच्या सज्जतेचा मूळ प्रश्न काहीसा मागे पडला. राज्य शासनाने नेमलेल्या राम प्रधान समितीने ठरलेल्या कार्यपद्धतीचे पालन न होणे आणि पोलीस नेतृत्वातील उणिवा यांकडे लक्ष वेधले. शस्त्रसामग्री, प्रशिक्षण, गुप्तवार्ता यांसारख्या बाबींना स्पर्धा किंवा मोहीम उपयोगी पडत नाही. तेथे सातत्यपूर्ण संस्थात्मक गुंतवणूकच लागते.

नोव्हेंबर २००९ मध्ये ते पुन्हा गृहमंत्री झाले व २०१४ पर्यंत त्या पदावर राहिले. याच महिन्यात ‘फोर्स वन’ हे विशेष दल कार्यान्वित झाले. गडचिरोली जिल्ह्याचे पालकमंत्रिपद त्यांनी स्वतःहून स्वीकारले. लाहेरी येथे ८ ऑक्टोबर २००९ रोजी नक्षलवाद्यांच्या हल्ल्यात १७ पोलीस मृत्युमुखी पडले होते. मंत्रालयापासून सर्वांत दूर असलेल्या जिल्ह्यांपैकी एकाची जबाबदारी गृहमंत्र्याने घेणे ही प्रतीकात्मक बाब असली, तरी दुर्गम भागातील प्रशासनाला त्यातून बळ मिळाले. याच काळात, २० ऑगस्ट २०१३ रोजी, पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली आणि तपासातील दिरंगाईबद्दल गृहखात्याला टीका सहन करावी लागली. २०१४ च्या प्रचारात बलात्काराविषयी केलेल्या असंवेदनशील विधानाबद्दल त्यांना माफी मागावी लागली.

दीर्घ आजारानंतर १६ फेब्रुवारी २०१५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले व अंजनी येथे अंत्यसंस्कार झाले. एप्रिल २०१५ च्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सुमन पाटील आणि २०२४ मध्ये पुत्र रोहित पाटील विधानसभेवर निवडून आले. घराण्याच्या आधाराविना उभे राहिलेले नेतृत्व पुढच्या पिढीत घराण्याच्याच वाटेने गेले, ही राज्याच्या राजकारणाची सर्वसाधारण प्रवृत्ती येथेही दिसते.

निष्कर्ष

पाटील यांच्या कारकिर्दीत एक सुसंगत कार्यपद्धती आढळते. लोकांना नैतिक आवाहन करावे, गाव हे एकक मानावे, स्पर्धा व प्रतिष्ठा यांतून प्रेरणा निर्माण करावी आणि शासनाने मूल्यमापन करावे, असे तिचे सूत्र होते. जिल्हा परिषदेतील अनुभवातून ती घडली होती. उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) ज्या कामाचा लाभ सर्व गावाला सारखा होतो आणि ज्यात वर्तनबदल अपेक्षित असतो, तेथे ही पद्धत अल्प खर्चात मोठा परिणाम घडवते. ग्रामस्वच्छता अभियान हे त्याचे उदाहरण होय. मात्र आर्थिक दुर्बळ कुटुंबांना स्वतंत्र साह्य नसेल, तर त्यांच्यावर अन्याय होतो.

२) जेथे पक्षांचे सामाजिक बळ विषम असते, तेथे गावाच्या सहमतीला वैधानिक संरक्षणाची जोड आवश्यक ठरते. तंटामुक्त गाव मोहिमेची उणीव येथेच होती.

३) व्यक्तीच्या मूलभूत अधिकारांना स्पर्श करणारे निर्णय बहुमताच्या नैतिक भावनेवर टिकत नाहीत. डान्स बार प्रकरणातील २००५ ते २०१९ पर्यंतचा न्यायालयीन प्रवास याची साक्ष देतो.

४) अंतर्गत सुरक्षेसारख्या विषयात मंत्र्याच्या व्यक्तिगत सचोटीला संस्थात्मक क्षमतेचा पर्याय होता येत नाही.

मंत्र्याचे मूल्यमापन करताना स्वच्छ प्रतिमा हा एकमेव निकष मानण्याची सवय मराठी सार्वजनिक चर्चेत रूढ आहे. पाटील यांच्याबाबत ती प्रतिमा खरी असूनही त्यांच्या निर्णयांचे यशापयश तिच्यावरून ठरले नाही. हाती घेतलेला प्रश्न कोणत्या स्वरूपाचा आहे आणि त्याला वापरलेले साधन योग्य आहे काय, यावरून ते ठरले. लोकसहभागाच्या नव्या योजना आखताना राज्यकर्त्यांनी व अभ्यासकांनी प्रथम याच प्रश्नाचा विचार करणे आवश्यक आहे.